विषय गेटवरच्या रजिस्टरमध्ये आहे

वाचकाचं पत्र

"सर, सप्रेम नमस्कार. मी मूळची अंबाजोगाईची, लग्नानंतर बजाजनगरला राहते. वाळूज एमआयडीसीत दुचाकीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मला अकरा वर्षं झाली. सुरुवात स्टोअरमध्ये डेटा एन्ट्रीपासून केली, आता ईआरपीची, म्हणजे खरेदीपासून हिशेबापर्यंत सगळं एकत्र ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची, की-यूजर आहे. खरेदी, स्टोअर, डिस्पॅच, सगळ्यांचे प्रश्न माझ्याकडेच येतात. एमबीए नोकरी करतच केलं. यंदा पार्ट टाइम पीएचडीला प्रवेश मिळाला. गाइड सरांनी एंटरप्राइझ सॉफ्टवेअरमधले आठ विषय कागदावर लिहून दिले आहेत: एआय, ब्लॉकचेन, क्लाउड ईआरपी, इंडस्ट्री ४.०, बिग डेटा, आयओटी, सायबर सिक्युरिटी आणि डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन. यातला एक निवडून दोन महिन्यांत समितीपुढे मांडायचा आहे. सर म्हणतात एआय घ्या, सध्या त्याला मागणी आहे. मैत्रीण म्हणते ब्लॉकचेन घे, प्रश्नावली तयार मिळते. मला तर वाचायलाच वेळ मिळत नाही. दिवसभर वेंडरचे फोन चालू असतात, की आमची गाडी सकाळीच गेटवर आली, मग तुमच्या सिस्टीममध्ये माल का दिसत नाही? रात्री मुलगी झोपल्यावर इंग्रजी पेपर उघडते, दोन पानांत डोळे मिटतात. सासूबाई म्हणतात, 'एवढं शिकून काय करायलीस?' सर, कोणत्या विषयाला स्कोप आहे आणि माझ्यासारखीला हे झेपेल का, एवढं सांगा."

उत्तर

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात आठ विषयांची यादी लक्षात राहिली. दुसऱ्या वाचनात वेंडरच्या फोनची ती ओळ लक्षात राहिली, आणि मग यादी मी बाजूला ठेवली. तुमचा विषय त्या ओळीत आहे असं मला मनापासून वाटतं. तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिली आहे, म्हणून तुम्हाला ती दिसली नसेल.

आधी त्या यादीबद्दल. एआय, ब्लॉकचेन, आयओटी ही अवजारांची नावं झाली. आपल्याकडे 'ट्रॅक्टर' हा काही संशोधनाचा विषय होत नाही. ट्रॅक्टर आल्यावर सालगड्याचं काय झालं, बैलजोडी कुणी आणि का विकली, हा होतो. अवजाराचं नाव घेऊन समितीपुढे उभं राहिलात, तर पहिलाच प्रश्न येईल, 'यात तुम्हाला नेमकं काय शोधायचंय?' तिथं उत्तर नसलं की पुढची तीन वर्षं जड जातात. तुमचे सर चुकीचं सांगत नाहीत, त्यांनी दिशा दाखवली आहे. त्या दिशेला कुठलं घर गाठायचं ते मात्र तुम्हालाच ठरवावं लागेल, कारण रोज त्या वाटेनं जाता तुम्ही.

मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल मी स्पष्टच बोलतो. तयार प्रश्नावली घ्यायची, 'पूर्णपणे सहमत' ते 'पूर्णपणे असहमत' असे पाच रकाने, ३८४ लोकांकडून भरून घ्यायची, सॉफ्टवेअरमध्ये टाकायची आणि गृहीतक सिद्ध झालं म्हणायचं. व्यवस्थापनाच्या प्रबंधांत हा ३८४ आकडा पुन्हा पुन्हा दिसतो. ज्यांचा अभ्यास करायचा तो समूह मोठा असेल आणि पाच टक्के चूक चालणार असेल, तर नमुना एवढा घ्यावा, असं १९७०मध्ये प्रसिद्ध झालेलं एक कोष्टक सांगतं, तिथून तो आला. कोष्टक बरोबर आहे. पण ते यादृच्छिक नमुन्यासाठी आहे, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडावी तशी माणसं निवडली तर, आणि आपण प्रश्नावली वाटतो ती ओळखीच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. शिवाय वाळूजमध्ये ब्लॉकचेन रोज वापरणारी ३८४ माणसं तुम्ही कुठून आणणार? ज्यांनी ती वस्तू पाहिलेली नाही, त्यांचं मत गोळा करून हाती काय लागेल?

याच प्रकारचा आणखी एक घासून गेलेला रस्ता आहे, त्यावर तुम्ही हमखास जाल म्हणून आधीच सांगतो. माणसं सॉफ्टवेअर का स्वीकारतात, याचं एक मॉडेल फ्रेड डेव्हिस यांनी १९८९मध्ये मांडलं: वस्तू उपयोगी वाटते का आणि वापरायला सोपी वाटते का, यावर वापरायची इच्छा ठरते. मॉडेल साधं आणि चांगलं आहे, म्हणून जगभर चाललं. पण त्यात माणसाला नाही म्हणायची मोकळीक धरलेली आहे. तुमच्या स्टोअरमधल्या मुलाला ती आहे का? त्यानं जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची सिस्टीममधली नोंद, केलं नाही तर बिल पास होणार नाही, माल लाइनला जाणार नाही आणि संध्याकाळी साहेब बोलावतील. त्याला 'ही प्रणाली वापरण्याचा तुमचा मानस आहे का' असं विचारण्यात अर्थ नाही. सक्तीच्या ठिकाणी विचारायचं ते हे, की सक्ती आहे म्हणून तो वापरतो, पण कशी वापरतो? एन्ट्री कधी करतो, कुठला रकाना नुसता भरायचा म्हणून भरतो, आणि खरी गोष्ट कुठं लिहून ठेवतो?

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. २००४ साली चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात आम्ही नवीन सॉफ्टवेअर बसवत होतो. मी सिस्टीम विभागात, वय तिशीचं, सगळं कॉम्प्युटरवर आलं पाहिजे हा ध्यास. ३१ मार्चला स्टॉक मोजायला घेतला. बारा एमएमचे वॉशर स्क्रीनवर जेवढे दिसत होते, त्याच्या तिसरा हिस्साही रॅकवर नव्हता. स्टोअरकीपर मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, मशीनमध्ये माल दिसायलाय, रॅकवर दिसंना." मला चोरीचा संशय आला होता, हे आज लिहितानाही वाईट वाटतं. मामांनी ड्रॉवरमधून एक लांबट वही काढली, कोपरे झिजलेली, कव्हरला ग्रीसचे डाग. त्यात प्रत्येक मापाच्या वॉशरचं किलोला किती नग हे त्यांनी स्वतः काट्यावर तोलून लिहिलेलं होतं. आठ एमएमचे किलोला पाचशेच्या पुढं भरतात, बारा एमएमचे एकशे साठच्या आसपास. खरेदी किलोत होते, लाइनला देणं नगात होतं. आयटम मास्टर, म्हणजे सॉफ्टवेअरमधली प्रत्येक वस्तूची मूळ माहिती, भरताना आमच्याच माणसानं आठ एमएमचं प्रमाण बारा एमएमला चिकटवलं होतं. दर खरेदीला कॉम्प्युटर न आलेले नग जमा धरत होता.

त्याच वहीच्या मागच्या पानांवर दुसरंच काही होतं. रात्रपाळीत कुणी काय नेलं: तारीख, नाव, नग, आणि पुढं परत आल्याची टिकमार्क. सॉफ्टवेअरमध्ये माल द्यायला सुपरवायझरची मंजुरी लागे, आणि रात्री सुपरवायझर नसे. लाइन बंद ठेवता येत नाही, म्हणून मामा माल देत आणि सकाळी एन्ट्री होई. मी आल्या दिवसापासून सांगत होतो, की ती वही बंद करा, दोन ठिकाणी लिहू नका. पण त्या कारखान्यात रात्री काय घडतं याची एकमेव खरी नोंद तीच होती, कारण आम्ही बनवलेल्या पडद्यावर त्यासाठी रकानाच नव्हता. पुढं मी त्या वहीवरूनच पडदे दुरुस्त केले.

संशोधनाच्या भाषेत याला वर्कअराउंड म्हणतात, अधिकृत प्रणालीला वळसा घालून काम भागवणं. त्याच्या शेजारची शाखा म्हणजे शॅडो सिस्टीम: ईआरपीच्या बाजूला चालणाऱ्या एक्सेल शीट, वह्या, व्हॉट्सॲप ग्रुप. जगात यावर गंभीर काम झालं आहे आणि अजून भरपूर बाकी आहे, विशेषतः आपल्याकडच्या मध्यम कारखान्यांमधलं. बाहेरच्या माणसाला ही वही कुणी दाखवत नाही. तुम्हाला दाखवतील, कारण अकरा वर्षं तुम्ही त्याच स्टोअरचा चहा पीत आला आहात. स्कोप विचारलात ना, स्कोप हा आहे.

आता तुमच्या फोनकडे येऊ. गाडी सकाळी गेटवर येते. वॉचमन रजिस्टरमध्ये गाडी नंबर, चलन नंबर आणि वेळ लिहितो. मग गाडी उभी राहते, माल उतरतो, मोजणी होते, क्वालिटीवाले नमुना नेतात, आणि स्टोअरचा मुलगा जीआरएन करायला बसतो तेव्हा संध्याकाळ झालेली असते. बहुतेक ठिकाणी जीआरएन असेच साठवून एकदम होतात, दिवसाच्या शेवटी, नाहीतर महिन्याच्या शेवटी. म्हणजे त्या एका मालाच्या दोन वेळा झाल्या, एक गेटवरची आणि एक कॉम्प्युटरमधली. या दोन वेळांमधलं अंतर किती, कुणाच्या मालाला जास्त, कुणाच्या मालाला कमी, का, आणि त्याचा भुर्दंड कुणावर पडतो? ताई, हा प्रश्न मोजता येतो, आणि तो तुमच्या हातात आहे.

तो किती खोल जातो बघा. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा २००६चा कायदा सांगतो, की सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला ठरल्या तारखेला पैसे द्यायचे, आणि लेखी करार असला तरी ती मुदत ४५ दिवसांच्या पुढं नेता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. आणि मोजायचं कधीपासून? माल स्वीकारल्यापासून. १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल प्रत्यक्ष पोचला तो दिवस स्वीकाराचा धरतात. आयकर कायद्यात ४३बी कलमाला जोड दिली, तेव्हा २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून या मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी दाखवता येऊ लागला. कायद्याचं घड्याळ गेटवर सुरू होतं. कॉम्प्युटरचं घड्याळ बऱ्याच ठिकाणी जीआरएनच्या किंवा बिल चढवल्याच्या तारखेला सुरू होतं. मधले चार-पाच दिवस कुणाच्या खिशातून जातात? पत्र्याच्या शेडमध्ये दोन प्रेस टाकून बसलेल्या माणसाच्या. तुम्हाला फोन करणारा तोच असतो.

मोजण्यासाठी एक चांगली पद्धतही आहे. तिचं नाव प्रोसेस मायनिंग. नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनला विल व्हॅन डर आल्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभी केली. कल्पना सोपी आहे. ईआरपीत प्रत्येक कामाचा माग राहतो, आणि त्या मागातून तीन गोष्टी मिळाल्या की पुरे: कुठल्या ऑर्डरचं काम, काय केलं, कधी केलं. तेवढ्यावरून खरेदी ऑर्डर, आवक, तपासणी, बिल, पेमेंट हा प्रवास प्रत्यक्षात कसा झाला त्याचा नकाशा निघतो. नियमावलीत एकच सरळ रस्ता असतो, नकाशात पन्नास पायवाटा दिसतात. यासाठी प्रॉम आणि पीएम४पाय ही साधनं फुकट मिळतात. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत नसेल तर प्रॉमपासून सुरुवात करा.

पण या पद्धतीत एक मेख आहे आणि तुमचं संशोधन नेमकं तिथं बसतं. कॉम्प्युटर सांगतो ती वेळ एन्ट्रीची असते. घटना कधी घडली ते त्याला कळत नाही. स्टोअरच्या मुलानं साडेपाच ते साडेसहामध्ये तीस जीआरएन मारले, तर नकाशा सांगेल की तुमच्याकडे सगळा माल संध्याकाळीच येतो. वॉचमनच्या रजिस्टरशिवाय तो नकाशा खोटा. म्हणून तुम्ही दोन्ही जोडा. तुमची प्रणाली सॅप, म्हणजे मोठ्या कंपन्यांत चालणारी ती ईआरपी, असेल तर एकाच आवकेवर तीन तारखा सापडतील: डॉक्युमेंट डेट, पोस्टिंग डेट आणि एन्ट्री डेट. पोस्टिंग डेट, म्हणजे हिशेबात धरायची तारीख, माणूस मागे नेऊ शकतो, एन्ट्री डेट मशीन स्वतः टाकतं. या दोन्हींतला फरक महिन्याच्या कुठल्या दिवसांत वाढतो ते नुसतं काढून बघा. दुसरी कुठली प्रणाली असेल तरी अशीच जोडी कुठं ना कुठं असते. तुमच्या सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला विचारा. १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला बदलांची नोंद, म्हणजे ऑडिट ट्रेल, ठेवणं बंधनकारक झालं आहे. त्यामुळे बिलांच्या बाजूचा मागही आता पूर्वीपेक्षा जास्त भरवशाचा मिळतो.

तुमच्या सरांना एआय हवं आहे, तर त्यांना नाराज करायचं कारण नाही. दुसरा प्रश्न त्यांच्यासाठी असा मांडा. तुमचे भाग घेणारी गाडी बनवणारी कंपनी महिन्याच्या सुरुवातीला शेड्यूल, म्हणजे किती नग उचलणार तो आकडा, देते आणि महिनाभर ते बदलत राहते. दहा हजार सांगितलेले सात हजार उचलले जातात, नाहीतर अचानक तेरा हजार मागितले जातात. तुमच्याकडे अकरा वर्षांची मूळ शेड्यूल, त्यांतले बदल आणि प्रत्यक्ष उचल, बहुधा सगळं पडून आहे. पुरवठा साखळीत ग्राहकाच्या टोकाला मागणी थोडी हलली की पुरवठादाराच्या टोकाला ती मोठ्या हेलकाव्यानं पोचते, याला बुलव्हिप म्हणतात, म्हणजे चाबकाची मूठ जराशी हलवली की टोक सपकन फिरतं तसं. हाउ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७मध्ये याची कारणं नीट मांडली. मशीन लर्निंगनं, म्हणजे जुन्या आकड्यांवरून शिकणाऱ्या एआयनं, केलेला अंदाज गाडी कंपनीच्या शेड्यूलपेक्षा आणि तुमच्या प्लॅनिंगवाल्या काकांच्या अनुभवी अंदाजापेक्षा सरस ठरतो का, आणि कुठल्या महिन्यांत ठरत नाही, ही एआयची खरी परीक्षा झाली. 'एआयचा ईआरपीवर परिणाम' असं शीर्षक देऊन ही परीक्षा होत नाही.

मला विचाराल तर मी पहिला प्रश्न घेईन. दुसऱ्यासाठी संख्याशास्त्राची चांगली तयारी लागते, आणि ती तुम्हाला रात्री दहानंतर करावी लागणार आहे.

बाकीची क्षेत्रं थोडक्यात सांगतो, म्हणजे समितीत कुणी विचारलं तर अडणार नाही. ईआरपी यशस्वी होण्याची कारणं, वरिष्ठांचा पाठिंबा, प्रशिक्षण वगैरे, ही यादी नव्वदच्या दशकापासून इतक्यांनी सिद्ध केली आहे की आणखी एकदा करू नका. सॅपच्या जुन्या बिझनेस सूटची मुख्य देखभाल २०२७च्या अखेरीस संपते, म्हणून मोठ्या कंपन्या नव्या आवृत्तीकडे निघाल्या आहेत. त्यात वर्षानुवर्षं केलेली कस्टमायझेशन, म्हणजे आपल्या सोयीसाठी करून घेतलेले बदल, टाकायची की न्यायची, हा जिवंत विषय आहे, पण त्यासाठी तुमची कंपनी त्यातून जात असायला हवी. ई-इन्व्हॉइसचा, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलांचा, विषय मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो. १ ऑक्टोबर २०२०ला ५०० कोटींच्या वरच्या उलाढालीपासून सुरू झालेली ही सक्ती १ ऑगस्ट २०२३ला ५ कोटींच्या वरच्या उलाढालीपर्यंत खाली आली. अशा बिलांचा साचा देशभर एक झाला. तरीही छोट्या वेंडरकडची मुलगी तेच बिल आधी टॅलीत, मग ग्राहकाच्या पोर्टलवर आणि दुसऱ्या ग्राहकाच्या वेगळ्या पोर्टलवर पुन्हा पुन्हा टाइप करते. साचा एक असून टायपिंग का थांबत नाही? कुणीतरी हे शोधायलाच हवं. तुमच्यानंतर येणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला सुचवा.

आणि कधी गावाकडं परतायचा विचार असेल, तर तिथंही हा विषय संपत नाही. लातूरच्या डाळमिलमध्ये तूर येते तेव्हा ओलावा वेगळा, काडीकचरा वेगळा, आणि भरडल्यावर डाळ, चुनी, टरफल यांचं प्रमाण प्रत्येक लॉटला बदलतं. कारखान्यासाठी लिहिलेल्या ईआरपीत एका नगाला ठरलेला कच्चा माल असं गणित असतं. शेतमालाचं गणित उलटं, एका कच्च्या मालातून अनेक वस्तू, आणि तेही दर वेळी वेगळ्या प्रमाणात. जालन्यात बियाण्याच्या लॉटचा, उगवणशक्तीच्या तपासणीचा माग ठेवणं हा आणखी निराळा प्रकार. आपल्या भागातल्या या दोन्ही धंद्यांसाठी प्रणाली कशी असावी, यावर इथल्याच माणसांनी काम केलं पाहिजे असं मला फार वाटतं. पण आज तुम्ही वाळूजमध्ये आहात, तर वाळूजचंच घ्या.

आता एक जपून करायची गोष्ट. तुम्ही ज्या कंपनीचा पगार घेता, तिच्याच उशिराचा अभ्यास करणार आहात. हे लपवून करू नका. पार्ट टाइम पीएचडीला मालकाचं ना-हरकत पत्र लागतंच. त्याच वेळी माहिती वापरण्याची लेखी परवानगी वेगळी मागा. कंपनीचं नाव येणार नाही, वेंडरची नावं आकड्यांनी बदलली जातील, दर आणि किमती वापरल्या जाणार नाहीत, आणि सादर करण्याआधी एकदा त्यांना दाखवलं जाईल, हे त्या पत्रात लिहा. साहेबांशी बोलताना सुरुवात वेंडरच्या पैशांपासून करू नका. गाडी गेटवर उभी राहते, माल असून लाइन थांबते, तिथून सुरू करा. त्यात त्यांचंही नुकसान आहे आणि ते त्यांना ठाऊक आहे. परवानगी मिळेपर्यंत एकही फाइल पेन ड्राइव्हवर घरी नेऊ नका. आणि वॉचमन, स्टोअरचा मुलगा यांना आधी सांगा, की ही त्यांची तपासणी नाही. साडेपाचला तीस जीआरएन का मारावे लागतात याचं कारण त्यालाच विचारा. दिवसभर तो फोर्कलिफ्टच्या मागं धावत असेल आणि स्टोअरला लॉगिन एकच असेल. हे कारण तुमच्या प्रबंधात त्याच्या शब्दांत आलं पाहिजे.

इंग्रजीचं मनाला लावून घेऊ नका. पेपर पहिल्या ओळीपासून वाचायचा नसतो. आधी सारांश, मग शेवटची चर्चा, मग तक्ते, आणि कामाचा वाटला तरच मधलं. समजलेलं मराठीत वहीत लिहा, चार ओळी. वाक्य अडलं तर भाषांतराचं साधन वापरा, त्यात कमीपणा नाही; फक्त प्रबंधात तिथला मजकूर उचलून चिकटवू नका. शोधगंगेवर देशभरातले प्रबंध मोफत आहेत. तिथं ईआरपीवरचे चार-पाच उघडून पहिलं आणि शेवटचं प्रकरण वाचा, काय टाळायचं ते लगेच कळेल. 'तीन दिवसांत पेपर छापून देतो, एवढे पैसे पाठवा' असे मेल येतील, त्यांना उत्तर देऊ नका. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापण्याची सक्ती ठेवलेली नाही, आणि यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादीही २०२५मध्ये बंद झाली. तरी तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट काय आहे ती संशोधन विभागात जाऊन लेखी विचारून घ्या.

वेळेचं म्हणाल तर त्याच नियमांत किमान ३ वर्षं, कमाल ६ वर्षं, पुनर्नोंदणीनं आणखी २ आणि महिलांना त्यावर २ वर्षांची सवलत आहे. घाई करून स्वतःचे हाल करू नका. रोज दोन तासांचं वेळापत्रक तुमच्या घरात चालणार नाही. आठवड्यातून एक सकाळ, रविवारी सहा ते नऊ, मुलगी मिस्टरांकडे, आणि ती सकाळ कुठल्याही लग्नाला, बारशाला द्यायची नाही, एवढं ठरवलंत तरी पुष्कळ. सासूबाईंना मी दोष देणार नाही. त्यांना तुमचं काम दिसत नाही, तुमचे लाल डोळे दिसतात. एकदा त्यांना गेटवरची ती गोष्ट सांगून बघा: माल आज पोचला आणि पैशांचे दिवस मात्र चार दिवसांनी मोजायला घेतले. आडतीवर माल घालून पट्टीची वाट बघितलेल्या घरातल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

झेपेल का, असं विचारलंत. तुमच्या पत्रातल्या त्या एका वाक्यात घटना आहे, दोन पक्ष आहेत, विसंगती आहे आणि 'का' आहे. पीएचडी झालेल्या पुष्कळ माणसांना असं वाक्य लिहिता येत नाही. मला तरी शंका वाटत नाही.

परवानगीचं बोलणं होईपर्यंत एक काम करून ठेवा, तेही साहेबांच्या कानावर घालूनच. मागच्या महिन्यातल्या शंभर आवका घ्या, सलग न घेता दर पाचवी किंवा दहावी. एका कागदावर चार रकाने आखा: गेट रजिस्टरची वेळ, जीआरएनची वेळ, वेंडर लहान की मोठा, आणि उशीर झाला असेल तर स्टोअरच्या मुलानं सांगितलेलं कारण. शंभरच. दोन रविवारांत होईल. तो कागद घेऊन सरांकडे जा आणि यादीबद्दल काही न बोलता आधी कागद दाखवा. त्यांनी काय विचारलं ते मला कळवा. अंतर फारसं निघालंच नाही, तरी कळवा; मग शेड्यूलच्या प्रश्नाकडं वळू आणि आधी कुठले पेपर वाचायचे ते आकडे समोर ठेवून ठरवू.